नातीचा परत आलेला निबंध

माझ्या थोरल्या चिरंजिवांची कन्या गेल्या वर्षीं सार्वजनिक आरोग्य या विषयाच्या उच्च अभ्यासासाठीं इंग्लंडांत गेली. येथें पदवी घेईपर्यंत इंग्रजींत तिला कधीं कमी गुण पडले नाहींत, आणि त्याचें थोडेंसें श्रेय हा म्हातारा मनांतल्या मनांत आपल्याकडे घेत असे. कारण लहानपणीं तिचें निबंधलेखन मींच करून घेतलें होतें. तेथील पहिला निबंध तपासून परत आला तेव्हां तिनें तो प्राध्यापकांच्या शेऱ्यांसह जसाच्या तसा मला पाठविला. पहिलें वाक्य असें होतें कीं, अनादि कालापासून मानव रोगराईशीं झुंजत आला आहे. समोर शेरा : 'हें मला ठाऊक आहे. तुमचें म्हणणें काय?' दुसऱ्या परिच्छेदाचा आरंभ 'सर्वांस माहीतच आहे कीं' असा. तेथें शेरा : 'कोणास? आधार?' गुण उत्तीर्ण होण्यापुरते. खालीं नातीनें एवढेंच लिहिलें होतें, "आजोबा, पहिलें वाक्य तुमचें आहे."

खरेंच तें माझें होतें. तीस वर्षें मीं शाळेंत संस्कृत शिकविलें, आणि शिक्षकांची उणीव पडे तेव्हां इंग्रजीही. स्वतः मी मॅट्रिक. मला जें मिळालें तेंच मीं पुढें दिलें : आरंभीं एखादी म्हण, मध्यें भारदस्त शब्द आणि शेवटीं उपदेश. 'बिग' ऐवजीं 'कोलॉसल' लिहिणाऱ्या मुलास एक गुण अधिक. उत्तम निबंध मी फळ्यावर लिहून देत असें व मुलें तो पाठ करीत. शालान्त परीक्षेंत हें सारें खपून गेलें. गठ्ठेच्या गठ्ठे तपासणाऱ्या परीक्षकास ओळखीचें वाक्य भेटलें कीं बरेंच वाटतें! विद्यापीठांतील वाचक निराळा असतो, हें मात्र मीं कोणास सांगितलें नाहीं, कारण मलाच तें ठाऊक नव्हतें.

मग कांहीं वाचन केलें. ब्रिटनमध्यें २००४ ते २००७ या काळांत वॉरिक, रीडिंग व ऑक्सफर्ड ब्रूक्स या विद्यापीठांतील अभ्यासकांनीं विद्यार्थ्यांचे उत्तम ठरलेले २,७६१ लेख एकत्र केले. हिलरी नेसी व शीना गार्डनर या दोन विदुषींनीं त्यांची छाननी करून विद्यार्थिलेखनाचीं १३ कुळें ठरविलीं आणि २०१२ सालीं त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. निबंध हें त्या तेरांतील केवळ एक कुळ. संशोधनाचा अहवाल, दुसऱ्याच्या लेखाचें परीक्षण, पूर्वसाहित्याचा आढावा, प्रस्ताव, हीं सारीं वेगळीं. आम्ही शाळेंत या सर्वांस मिळून 'एसे' हा एकच शब्द शिकविला.

डेंग्यू हा एकच विषय घ्या. निबंधांत नातीनें एक मत मांडून तें आधारांनीं उभें करावयाचें आणि विरुद्ध मतासही न्याय द्यावयाचा. अहवालांत आपली पद्धति अशी लिहावयाची कीं दुसऱ्या कोणासही तीच पाहणी पुनः करतां यावी. रुग्णालयांतील स्वतःच्या अनुभवावर लिहितांना 'मी' या शब्दास मज्जाव नाहीं. आणि अधिकाऱ्यासाठीं धोरणाचें टिपण लिहावयाचें तर निष्कर्ष पहिल्या ओळींत. त्या गृहस्थास दुसरें पान उलटण्यास सवड मिळेलच असें नाहीं.

आतां गंमत पाहा. आमच्या शास्त्रग्रंथांच्या आरंभीं अनुबंधचतुष्टय सांगण्याची रीत आहे : विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. हा ग्रंथ कोणासाठीं आहे तें ठरल्याशिवाय ग्रंथकार लेखणी पुढें ढकलीत नसे. पूर्वपक्ष प्रामाणिकपणें मांडल्यावांचून उत्तरपक्ष मांडणें हा दोष. मल्लिनाथानें तर आपल्या टीकेच्या प्रारंभींच बजावलें आहे कीं, आधारावांचून मी कांहीं लिहीत नाहीं व अनावश्यक कांहीं सांगत नाहीं. हें सारें मीं सकाळच्या तासाला संस्कृतांत शिकविलें, आणि दुपारीं इंग्रजीच्या तासाला त्याच मुलांकडून 'अनादि कालापासून' घोकून घेतलें.

पुढील लेखाच्या वेळीं मी पुनः घसरणार होतों. पाणी सांठविणें आणि रुग्णांची संख्या यांचा संबंध असावा असें या पाहणीवरून 'सुचतें', असें तिनें लिहिलें होतें. मला तो भित्रेपणा वाटला. लाल पेन्सिलीनें 'सजेस्ट्स' खोडून मीं 'प्रूव्ह्ज' केलें. नात फोनवर म्हणाली, "आजोबा, एका गांवांत एकदांच मोजलेलें आहे. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचें कारण कशी होईल?" नुसता सहचार पाहून व्याप्ति सिद्ध होत नाहीं, हें तर्कसंग्रह शिकविलेल्या मास्तरास नातीनें सांगावें! १९५३ सालीं वॉटसन व क्रिक यांनीं डीएनएची रचना 'नेचर' या नियतकालिकांत एका पानाहून थोड्याच अधिक जागेंत मांडली, आणि त्या रचनेंत आनुवंशिक द्रव्याची प्रत निघण्याची युक्ति दडलेली असावी ही केवढी तरी गोष्ट एका सौम्य वाक्यांत केवळ सुचविली. तेथें 'प्रूव्ह्ज' लिहिणारा मास्तर नव्हता हें बरें झालें.

पत्रांचेंही तेंच. प्राध्यापकांस ई-मेल लिहितांना 'आय बेग टु स्टेट' म्हणून लोटांगण घालण्याचें कारण नाहीं. नमस्कार, आपला वर्ग, आणि लगेच प्रश्न, एवढें पुरतें. अगदींच सलगीही नको. पण याचा फार ऊहापोह नको, मुलें हें आपसूक शिकतात.

काल तिच्या धोरण-टिपणाचा मसुदा आला. दोन पानें. पहिल्याच ओळींत शिफारस : आठवड्यांतून एक दिवस प्रत्येक घरानें पाण्याचीं भांडीं रिकामीं करून घासून कोरडीं करावींत, कारण अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. या वेळीं मीं पेन्सिल हातीं घेतली नाहीं. माझी धाकटी सून नगरपालिकेच्या आरोग्यखात्यांत नोकरीस आहे, म्हणजे या टिपणाची खरी अधिकारी तीच. कचेरींतून आल्यावर तिनें चहा घेतां घेतां तें वाचलें व म्हणाली, "मामंजी, सगळें समजलें. पण ज्या आळींत नळाला चार दिवसांनीं पाणी येतें, तेथें बायकांनीं भांडीं रिकामीं कशीं करावयाचीं, हें यांत कोठें आहे?"

तेवढा प्रश्न मीं नातीस कळविला आहे.