पाठीशी कोण?

परवा संध्याकाळी मी चकल्या पाडत बसले होते. हातात सोऱ्या, कढईत तेल तापलेले, आणि नेमकी दाराची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरची मुलगी पेढे घेऊन आली होती. ए.एन.एम.चा अभ्यासक्रम पुरा झाला, कौन्सिलात नाव नोंदले गेले, आणि घरी जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करण्याच्या दोन नोकऱ्या एकदमच चालून आल्या होत्या.

"मावशी, एक ब्यूरो दुसऱ्यापेक्षा रोजी दोनशे रुपये जास्त देतोय. आई म्हणते, तोच धर. तुम्ही इतकी वर्षं हेच काम केलंत, तुम्हीच सांगा."

"सांगते. पण त्या ब्यूरोचा फोन रात्री तीन वाजता कोण उचलतं, ते विचारलंस का?"

ती माझ्या तोंडाकडे पाहतच राहिली. पगार, पाळी, बसभाडे, सगळे विचारून आली होती; एवढे मात्र राहिले होते. तिचे तरी काय चुकले? तिच्या वयात मीही कुठे विचारले होते!

इस्पितळात नर्स कधी एकटी नसते. हाक मारली की दुसरी सिस्टर येते, पाळीवरचे डॉक्टर येतात, कागदावर सगळे लिहिलेले असते. घरी तसे नाही. तिथे एक आजारी माणूस, चार नातेवाईक, त्यांची आठ मते आणि मध्ये आपण. तेव्हा आपला खरा मालक पगार देतो तेवढ्यापुरता नसतो; अडचणीच्या वेळी तो पाठीशी उभा राहतो की नाही, यावर सगळे अवलंबून असते.

माझी एक रात्र सांगते. मधुमेहाचे एक आजोबा, वय ऐंशीच्या घरात. रात्रीच्या जेवणाआधी इन्सुलिन द्यायचे, असे कागदावर लिहिलेले. पण तो कागद तीन आठवड्यांपूर्वीचा, आणि आजोबांनी त्या दिवशी दुपारपासून पेजेचे दोन चमचेसुद्धा पोटात ठेवले नव्हते. साखर मोजली तर चौऱ्याहत्तर. मुलगा म्हणाला, "कागदावर आहे ना? मग द्या." मी म्हटले, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देणार नाही. दवाखाना बंद. ब्यूरोला चार वेळा फोन लावला. घंटा वाजून वाजून थांबली.

मी इंजेक्शन दिले नाही. रात्री दोनच्या सुमारास आजोबांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. साखर अठ्ठावन्न. सकाळच्या इन्सुलिनचाच अंमल अजून उतरला नव्हता! शुद्ध होती, गिळता येत होते, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, तेव्हा आकडा वर चढला आणि माझ्या जिवात जीव आला. रात्रीची सुई टोचली असती तर काय झाले असते, ते आजही मनात आणवत नाही.

गंमत पाहा, सकाळी ब्यूरोचा फोन आला तो मला घरी बसवण्यासाठी. "बाई नातेवाईकांचं ऐकत नाहीत," अशी तक्रार होती. माझी बाजू कोणी विचारली नाही. दोन दिवसांची रोजीही कापली. मी निघाले तेव्हा आजोबांनी नुसता हात हलवला. त्यांना काही बोलता आले असते तर ते माझ्या बाजूनेच बोलले असते.

त्यानंतर मी जिथे गेले ती जागा लहान होती, रोजी कमी होती. पण चालवणाऱ्या बाई स्वतः नर्स. पहिल्या दिवशी त्या माझ्याबरोबर रोग्याच्या घरी आल्या. औषधे कोणती, कधी, कोणाच्या सांगण्यावरून. नर्सचे काम कोणते आणि कोणते नाही. सगळे घरच्यांसमोर लिहून काढले. "सिस्टर भांडी घासणार नाहीत, पण दर दोन तासांनी कूस बदलायला चुकणार नाहीत," असे त्यांनी हसत हसत सांगून टाकले. त्या घरी पुढे वर्षभर काम केले, तरी कधी वाद झाला नाही.

म्हणून तिला म्हटले, कागद-पेन्सिल घे आणि लिही. नेमणुकीचे पत्र देतात का? घरच्यांकडून किती घेतात आणि तुझ्या हातात किती पडते? चोवीस तासांचे काम असेल तर झोपायचे कधी आणि कुठे? तू आजारी पडलीस तर बदली कोण? काविळीच्या 'बी' प्रकाराची लस टोचून देतात का? सुई चुकून बोटात गेली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे कोण नेणार? एच.आय.व्ही.चा धोका टाळणारे औषध जितके लवकर तितके चांगले. बहात्तर तासांनंतर उपयोग नाही. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेऊ म्हणाले तर तिथूनच परत फीर. प्रती दे, मूळ कागद कोणालाही देऊ नकोस.

"आणि कुणी वेडंवाकडं वागलं तर?" तिने खाली मान घालून विचारले.

हा प्रश्न तिच्या आईसमोर ती विचारू शकली नसती. मी म्हटले, २०१३ च्या कायद्याने रोग्याचे घर हेही तुझे कामाचे ठिकाणच आहे. मालकाकडे दहापेक्षा कमी माणसे असली तरी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. पण कायद्याच्या आधी मालकाने म्हणायला हवे, "आधी तू तिथून बाहेर पड, बाकीचं मी बघते." असे म्हणणार नाही, त्याची नोकरी धरू नकोस.

आता दोन शब्द तुम्हा वाचकांसाठी. उद्या तुमच्या घरी आईसाठी, सासऱ्यांसाठी सिस्टर ठेवायची वेळ आली, तर ब्यूरोला हेच प्रश्न तुम्हीही विचारा. जो आपल्या नर्सला रात्री वाऱ्यावर सोडतो, तो तुमच्या माणसालाही वाऱ्यावरच सोडत असतो.

काल ती पुन्हा आली होती. रात्री अकरा वाजता तिने दोन्हीकडे फोन लावून पाहिला म्हणे! जास्त पैशांच्या ठिकाणी घंटा वाजून थांबली. दुसरीकडे तिसऱ्या घंटेला एका बाईंचा झोपाळलेला आवाज आला, "बोला सिस्टर, काय झालं?" हिची बोबडीच वळली. कशीबशी माफी मागून तिने फोन ठेवला.

भाऊबीज झाली की ती तिथेच रुजू होणार आहे. आईची समजूत मात्र मलाच घालायची आहे.