पवित्र म्हणजे गाळणी

आश्विन शुद्ध नवमीस, म्हणजे खंडेनवमीस, आयुधांचे पूजन करण्याची आपली प्रथा पुरातन आहे. योद्ध्याने खड्ग पुजावे, सुताराने करवत, लेखकाने लेखणी आणि कास्तकाराने नांगर-वखर. वऱ्हाडातील अनेक कास्तकारांचे आयुध आज लहान ट्रॅक्टर हे आहे. वरुड-मोर्शीच्या संत्राबागांत झाडांच्या दोन ओळींमधून तो फवारणी करीत फिरतो, आकोट-तेल्हाऱ्याकडे कपाशीत डवरणी करतो. तेव्हा खंडेनवमीस त्याची पूजा व्हावी हे उचितच आहे.

परंतु ही पूजा होते कशी? ट्रॅक्टर धुतला जातो, बॉनेटवर स्वस्तिक काढले जाते, झेंडूची माळ पडते, चाकाखाली लिंबू ठेवून नारळ फोडला जातो. यास आमचा विरोध मुळीच नाही. मंत्र म्हणावयास आम्हांसच बोलावणे येते. मात्र त्याच बॉनेटखाली इंजिनाचे तेल डांबरासारखे काळे झालेले असावे, हवेच्या गाळणीत सोयाबीनच्या मळणीचा धुरळा ठासून भरलेला असावा, आणि वर माळ मात्र ताजी असावी, ही पूजा अर्धीच झाली असे आमचे मत आहे.

आमच्या म्हणण्यास शास्त्राधार आहे. विराटपर्वात अज्ञातवासास निघालेले पांडव आपली शस्त्रे शमीवृक्षावर ठेवतात, ही कथा दसऱ्याला घरोघरी सांगितली जाते. शमीपूजनाचा संबंध आपण तिच्याशीच जोडतो. पण शस्त्रे ठेवण्यापूर्वी त्यांनी काय केले, ते कोणी सांगत नाही. प्रत्येकाने आपल्या धनुष्याची प्रत्यंचा उतरविली, अर्जुनाने गांडीवाचीसुद्धा. ताणलेली दोरी वर्षभर तशीच राहिली तर धनुष्य निकामी होते, हे त्या वीरांना ठाऊक होते. वर्ष सरताच ती शस्त्रे हाती घेतली तेव्हा ती कामास आली. आयुधाची निगा हा आयुधपूजेचाच भाग आहे, असा या कथेचा अर्थ आम्ही घेतो.

आता 'स्नेह' हा शब्द पाहा. संस्कृतात स्नेह म्हणजे माया, आणि स्नेह म्हणजे तेलही. दोन्ही अर्थ एकाच 'स्निह्' धातूचे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अभ्यंगाचे महत्त्व सांगताना आचार्यांनी घडा, कातडे आणि गाडीचा आस यांचे दृष्टांत दिले आहेत. तेल मिळाले की आस दृढ होतो आणि कष्ट सोसतो, तसेच शरीराचे. म्हणजे माणसाच्या आरोग्याचा नियम समजाविण्यासाठी आयुर्वेदाला गाडीच्या वंगणाची आठवण झाली! आमचा कास्तकारही हे जाणतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळण्याची रीत याच स्नेहाची आहे. बैलाचा खांदा सुजला तर तो मान टाकतो, धन्याला कळते. यंत्राला वाचा नाही. ते सोसते, सोसते आणि ऐन पेरणीत बंद पडते.

दुसरा शब्द 'पवित्र'. आज तो विशेषण म्हणून सर्वांच्या तोंडी आहे. परंतु ऋग्वेदात पवित्र म्हणजे सोमरस गाळण्याची मेंढीच्या लोकरीची गाळणी. 'पू' म्हणजे शुद्ध करणे. ज्याच्या योगाने शुद्ध होते ते पवित्र. ट्रॅक्टरात अशी पवित्रे निदान तीन असतात: हवेचे, डिझेलचे आणि तेलाचे. त्यांनाच आपण फिल्टर म्हणतो.

त्यांतील हवेचे पवित्र वऱ्हाडात सर्वांत महत्त्वाचे. एक लिटर डिझेल जळावयास निदान दहा हजार लिटर हवा लागते. मळणीयंत्राला जोडलेला ट्रॅक्टर ही हवा भुशाच्या आणि काळ्या मातीच्या ढगातून ओढीत असतो. गाळणी तुंबली तर इंजिन गुदमरते, काळा धूर ओकते आणि डिझेल अधिक खाते. गाळणी फाटली तर धुळीचे कण सिलिंडर व रिंगा घासून काढतात. तेलाच्या वाटीची गाळणी असेल तर तळाशी साचलेला गाळ टाकून खुणेपर्यंत नवे तेल भरावे. कागदी असेल तर हलकेच झटकावी, आतून बाहेर बेताच्या दाबाने हवा मारावी. ती फाटली वा फार मळली असेल तर बदलावी. मळणीच्या दिवसांत हे रोजचे काम समजावे.

इंजिनाचे तेल रोज सकाळी, यंत्र सपाट जागी उभे करून, सुरू करण्यापूर्वी पट्टीवर पाहावे. नव्या ट्रॅक्टरचे तेल बहुधा पहिल्या ५० तासांनी आणि नंतर २०० ते २५० तासांनी बदलतात. नेमका आकडा त्या त्या यंत्राच्या पुस्तिकेत असतो आणि तोच प्रमाण मानावा. तेल गरम असताना काढले म्हणजे गाळासह निघते. तेलाबरोबर फिल्टरही बदलावा. नव्या तेलास जुना फिल्टर लावणे म्हणजे स्नान करून पारोसे वस्त्र नेसणे होय. डिझेलच्या फिल्टरखाली साचलेले पाणी वेळोवेळी सोडावे. हायड्रॉलिकचे तेल दुधाळ दिसू लागले तर त्यात पाणी शिरले असे समजावे आणि विलंब लावू नये.

पाण्याविषयी विशेष सांगितले पाहिजे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतील कितीतरी गावांत, विहिरीचे पाणी खारे आहे. जे पाणी माणसाच्या पोटाला सोसत नाही, ते रेडिएटरला कसे सोसेल? त्याने आत थर धरतो, गंज चढतो आणि इंजिन तापते. तेथे पुस्तिकेत सांगितलेले शीतकच घालावे, आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. बाहेरच्या जाळीत अडकलेला भुसाही काढावा.

सामाजिक न्याय विभागाच्या योजनेतून अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचे मिनी ट्रॅक्टर ९० टक्के अनुदानावर देण्यात येतात. ज्यांच्या दाराशी पिढ्यान्‌पिढ्या बैलजोडीही नव्हती, त्यांच्या हाती आयुध आले, ही मोठी गोष्ट आहे. पण जे सर्वांचे, ते कोणाचेच नाही असे होण्यास वेळ लागत नाही. चालविण्यास दहाजण पुढे येतात, तेल पाहावयास एकही नाही. गटाने तासांची वही ठेवावी, तेल-फिल्टरची पाळी एका सभासदाच्या नावे लावावी आणि भाड्याच्या प्रत्येक रकमेतून त्याचा वाटा आधीच बाजूला काढावा. यंत्र मोडले तर केवळ लोखंड मोडत नाही. मिळालेली उभारी मोडते.

काढलेले तेल धुऱ्यावर, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. २०१६ च्या नियमांनी वापरलेले तेल घातक कचऱ्यात गणले आहे. ते डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रियेकडे जाईल असे पाहावे. १८७६ साली शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा आधी हाती खराटा घेऊन गाव झाडीत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. एक यंत्र स्वच्छ करून गावची माती नासविणे त्या महापुरुषाच्या जिल्ह्याला शोभणार नाही.

कोणी म्हणेल, कीर्तनकाराने हरिकथा सांगावी, त्याला तेल-फिल्टरची उठाठेव कशाला? आमचे उत्तर असे की, 'आधी पोटोबा' हे आपल्या लोकांनीच म्हणून ठेवले आहे, आणि वऱ्हाडचा पोटोबा शेतात आहे. कोणी म्हणेल, खर्च परवडत नाही. सोयाबीनला भाव नसलेल्या वर्षी हा प्रश्न खोटा नाही, हे आम्ही मान्य करतो. तथापि तेल-फिल्टरचा खर्च आधी ठाऊक असतो, सोयीने करता येतो. इंजिन उघडण्याची वेळ आली की खर्चही मोठा आणि हरभऱ्याच्या पेरणीचा वाफसाही गेला. वाफसा उधारीवर मिळत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. खरिपाची मळणी आणि रब्बीची पेरणी यांच्या सांध्यावर दसरा येतो. निगेला याहून योग्य मुहूर्त नाही. अष्टमीला तेल आणि गाळण्या पाहाव्यात, बदलण्याजोग्या बदलाव्यात, नवमीला पूजा करावी. नवरात्रातील कीर्तनांतून आणि मंडळांच्या फलकांवरून हे सांगितले जावे. १९६९ साली स्थापन झालेल्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील जाणकारांना अशा वेळी गावी बोलवावे.

मग झेंडूची माळ खुशाल घालावी, ती शोभेलही. अंबामाता आणि एकवीरामाता वऱ्हाडातील प्रत्येक कास्तकाराचे आयुध सज्ज ठेवोत, आणि त्या आयुधावर त्याचा स्नेह, दोन्ही अर्थांनी, अखंड राहो.