बरणीवरचं लेबल

थ्री-डी ॲप आल्यावर मेडिकल म्युझियममधल्या त्या बरण्या कशाला, असं माझे आयटीवाले मित्र विचारतात. मला नाही पटत. ॲपमधलं यकृत सगळ्यांना सारखंच दिसतं. बरणीतलं कुणा एकाचं असतं, सिऱ्हॉसिसने गाठाळलेलं.

आणि बरणी भरणं चिकाटीचं काम आहे. अवयव फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा, धुवायचा, कैसरलिंग पद्धतीने अल्कोहोलमध्ये बुडवून उडालेला रंग परत आणायचा. मग पारदर्शक पट्टीला दोऱ्याने बांधायचा, ग्लिसरीनचं द्रावण भरायचं, बुडबुडे काढायचे, झाकण सील करायचं. शेवटी लेबल: नंबर, अवयव, आजार. बस्स.

माझं भांडण आहे ते या लेबलशी. काही नमुने ऑपरेशनमधून येतात, काही शवविच्छेदनातून. १९४९ च्या ॲनॅटॉमी कायद्याने कॉलेजांना बेवारस मृतदेहही मिळतात. आमच्या कड्याकडची माणसं ऊसतोडीला परमुलखात जातात. एखादा ओळख न पटताच गेला, तर कागदावर तोही बेवारसच ना?

नाव लिहू नका, ते बरोबरच आहे. पण दारावर एक ओळ तरी लावा: 'इथला प्रत्येक अवयव एका माणसाचा आहे.' निदान मोबाईल काढण्याआधी कुणीतरी वाचेल.