निळा ड्रम आणि निळा झेंडा



निळा रंग आपला. तो कुणी आपल्याला फुकटात दिला नाही. त्या रंगापायी डोकी फुटली, घरं जळली, पोरं जेलात गेली. आणि आज वाडीतल्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोट्ट्याला ‘निळा’ म्हटलं की झेंडा आठवत नाही. ड्रम आठवतो.

मार्च २०२५ मध्ये मेरठला एका नवऱ्याचा खून झाला. बायकोनं आणि तिच्या मित्रानं त्याला मारून निळ्या ड्रममध्ये सिमेंट ओतून बंद केलं, असा आरोप आहे. खून तो खूनच. करणारी बाई असो की बाप्या, कायद्यानं शिक्षा झालीच पाहिजे. पण त्या एका ड्रमच्या रील्स निघाल्या, जोक निघाले, गाणी निघाली. आता दत्तवाडीत ट्यूशनला जाणारी पोरगी कुणाला उलटून बोलली की मागून आवाज येतो, “जपून ऱ्हाय बे, ड्रमात भरन थे तुले!” आणि सगळे दात काढतात.

याच देशात २०२२ या एका वर्षात हुंड्यापायी सहा हजारांवर बाया मेल्याची सरकारी नोंद आहे. म्हणजे रोज सोळाच्या वर. त्यांच्यावर किती रील्स निघाल्या? रॉकेलच्या डब्यावर कोणी गाणं बांधलं? एका ड्रमनं अख्खी पुरुषजात धोक्यात येते आणि सहा हजार सरणांनी कुणाच्या बापाचं काही जात नाही. हे गणित आपल्या पोरांना शिकवतं कोण?

मी वाडीतल्या एका विहारात संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. आठवी ते बारावीचे पोट्टे येतात. कुणाचा बाप अमरावती रोडवरच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाल, कुणाचा ट्रकवर, कुणाचा हिंगण्याच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे. माय चार घरची भांडी घासते. हे पोट्टे काही राक्षस नाहीत. बाबासाहेबांच्या फोटोला वाकून जयभीम करतात. त्याच हातातल्या मोबाइलवर मात्र एक चष्मा लावलेला, महागड्या गाडीला टेकलेला बाप्या त्यांना सांगत असतो की बाईला अक्कल नसते, बाई फक्त पैसा बघते, बाईला मुठीत ठेवतो तोच मर्द. तोच मजकूर हिंदीत, तोच मराठीत. या मालाचा मोठा घाऊक व्यापारी अँड्र्यू टेट डिसेंबर २०२२ मध्ये मानवी तस्करीच्या आरोपाखाली रुमानियात पकडला गेला. आरोप तो नाकारतो. पण त्याचा किरकोळ माल आपल्या गल्लीत विकणं थांबलेलं नाही.

हे पोरांपर्यंत पोचतं कसं ते नीट समजून घ्या. पोरगा बाईचा द्वेष शोधायला जात नाही. तो पहाटे पोलीस भरतीसाठी धावतो, म्हणून व्यायामाचा व्हिडिओ बघतो. मग ‘मर्द बन’ येतं. मग ‘सिग्मा’ येतं. मग ‘पोरींच्या नादी लागू नको’, आणि मग थेट शिवी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज आणि केंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ साली हे तपासून दाखवलं. टिकटॉकवर पोरांसारखी खाती उघडून बघितली. सुचवल्या जाणाऱ्या व्हिडिओंत स्त्रीद्वेषाचा माल पहिल्यांदा १३ टक्के होता, पाच दिवसांत ५६ टक्के झाला. आपल्याकडे टिकटॉक जून २०२० मध्ये बंद झालं, पण धंदा बंद झाला नाही. दुकानाची पाटी बदलली, रील्स आल्या. पोट्टं जितका वेळ डोळे लावून बसेल तितक्या जाहिराती खपतात, आणि राग आलेला माणूस स्क्रीन सोडत नाही. तुमच्या पोराचा राग हा त्यांचा कच्चा माल आहे.

आणि राग आहेच. तो खोटा नाही. अंबाझरीच्या आयुध निर्माणीत कायम नोकरी लागली की वस्तीत घर उभं राहायचं, पोरं शिकायची. १ ऑक्टोबर २०२१ ला सगळ्या आयुध निर्माण्या सरकारी खात्यातून काढून कंपन्यांच्या हवाली केल्या. फौजेत जाऊ म्हटलं तर २०२२ पासून अग्निपथ, बहुतेकांना चार वर्षांनी घरी. उरलं काय? गोदाम आणि ठेका. अशा पोराला कोणी तरी येऊन सांगतं, ‘तुझी जागा पोरींनी खाल्ली.’ कारखान्याचं कोणी बोलत नाही, ठेकेदाराचं कोणी बोलत नाही. शेजारच्या बाकावरची, पहाटे चारला उठून पाणी भरून आलेली पोरगी त्याची दुश्मन ठरते. आणि गंमत बघा, तोच मोबाइल दोन व्हिडिओंनंतर दुसऱ्या पोराला सांगतो, ‘तुझी जागा आरक्षणवाल्यांनी खाल्ली.’ वाक्य तेच, फक्त शत्रूचं नाव बदललं. अरे बाबा, त्या दुसऱ्या व्हिडिओतला शत्रू तू आहेस!

काही जण म्हणतील, हा बायकांचा प्रश्न, आपला लढा जातीचा. अशांनी बाबासाहेब फक्त भिंतीवर लावलेत. ९ मे १९१६ ला, वयाच्या पंचविशीत, कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचं मर्म उघडं केलं. जात टिकते जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि ते जमवायचं तर बाईवर पहारा पाहिजे. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह हे त्या पहाऱ्याचेच प्रकार. म्हणजे बाईला मुठीत ठेवायला शिकवणारा माणूस पोराला मर्दानगी शिकवत नाही, जात शिकवतो. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात जी पोथी जाळली, तिची राख झटकून या लोकांनी तिला रील करून परत पाठवली आहे. आपलं पोट्टं ती लाइक करतं.

ही थट्टा कुठवर जाते तेही बघा. १ जानेवारी २०२२ ला ‘बुल्ली बाई’ नावाच्या अ‍ॅपवर मुस्लिम बायांचे फोटो टाकून त्यांचा लिलाव मांडला. पत्रकार, कार्यकर्त्या, बोलणाऱ्या बाया. मुंबई सायबर पोलिसांनी पकडले ते कोण? बंगळुरूचा २१ वर्षांचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आणि उत्तराखंडची १८ वर्षांची पोरगी. हो, पोरगीसुद्धा. हे विष रक्तातून येत नाही, पाजलं जातं. म्हणूनच ते उतरवताही येतं.

आपल्या वस्तीत लिलाव नाही मांडला कुणी. पण आमच्या अभ्यासिकेतली एक पोरगी जयंतीला स्टेजवर बोलली. दहा मिनिटं, हातात कागद न घेता. व्हिडिओ वस्तीच्या ग्रुपवर फिरला. कुणी तिचा भाषणातला चेहरा थांबवून त्यावर घाण लिहिली. लिहिणारे शेटजी-भटजी नव्हते, आपल्याच गल्लीतले होते. पुढच्या कार्यक्रमाला ती आली नाही. तिच्या मायनं सांगितलं, “भाऊ, नाव काढून टाका तिचं.” मनूला जे करायला पोथ्या लागल्या ते आपल्या पोट्ट्यांनी एका अंगठ्यानं केलं. आपला एक वक्ता मारला.

आणि हे कुठं, तर नागपुरात! २० जुलै १९४२ ला याच शहरात सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या आणि समोर हजारो दलित बाया बसल्या होत्या. बाबासाहेबांनी तिथं सांगितलं की समाजाची प्रगती मी त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. बाईनं नवऱ्याची मैत्रीण व्हावं, बरोबरीनं उभं राहावं, गुलाम होऊ नये, हेही सांगितलं. याच मातीत ओझी वाहणाऱ्या जाईबाई चौधरींनी पोरींसाठी शाळा काढली. याच शहरात कुमुद पावडे संस्कृत शिकल्या आणि शिकवत्या झाल्या. १३ ऑगस्ट २००४ ला कस्तुरबानगरच्या बायांनी वर्षानुवर्षं अब्रू लुटणाऱ्या गुंडाला भर कोर्टात संपवलं, कारण पोलीस ऐकत नव्हते. २०१४ साली आरोपी निर्दोष सुटले. या बायांच्या नातवांना बाई दुबळी असते हे एक चष्मेवाला शिकवणार?

पण सगळं खापर मोबाइलवर फोडून मोकळं होता येणार नाही. पोरगा मोबाइलमध्ये बघतो ते घरात आणि चळवळीतही बघतो. बेबी कांबळेंनी ‘जिणं आमुचं’ नवऱ्यापासून लपवून लिहिलं. मल्लिका अमर शेखनं १९८४ साली ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ लिहून विद्रोही कवीच्या घरातलं बाईचं जिणं चव्हाट्यावर मांडलं. स्टेजवर समता आणि घरात कमरेचा पट्टा! आमच्या सभांत आजही सतरंज्या पोरी उचलतात, चहा पोरी देतात आणि माईक बाप्यांकडे. विरोधकाला शिवी द्यायची तर त्याच्या माय-बहिणीवरून. ज्यानं हे बघितलं त्याला रीलवाला खरा वाटला, यात नवल काय?

मग करायचं काय? ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना सोशल मीडियाची खाती बंद केली. कंपन्यांना जबाबदार धरलं हे बरोबरच. पण आपल्याकडे एका घरात एकच मोबाइल, अभ्यासही त्यावर आणि बापाची ड्युटीही. शिवाय मोबाइल हे आपलंही हत्यार आहे. २०१५ साली शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून आपल्या एका पोराचा जीव घेतला. ज्या यंत्रावर आपलं गाणं वाजलं तर त्यांना सहन होत नाही, ते यंत्र आपण का फेकायचं?

करायचं ते विहारात आणि घरात. पोरांना चूप बसवू नका, बोलू द्या. तो रील सगळ्यांसमोर लावा आणि विचारा, याचे पैसे कोणाला मिळाले? तुझ्या मायला हा काय म्हणाला? नोकरी कोणी खाल्ली, नाव घेऊन सांग. अभ्यासिकेची सूत्रं पोरींच्या हातात द्या, सतरंजी पोरांना उचलू द्या. घाण लिहिणारा आपला असला तरी त्याला पाठीशी घालू नका, आणि कायद्याची गरज पडली तर पोरीसोबत ठाण्यात आपण जाऊ. येत्या जयंतीला त्या पोरीला बोलवायला तिच्या दारात गल्लीतल्या पोरांनी जावं, ज्यांनी लिहिलं त्यांनी पुढं राहून. माफी मागावी आणि माईक द्यावा.

नाही तर झेंडा कापडाचा उरेल आणि निळा रंग ड्रमचा होईल. तसं होऊ द्यायचं नसेल तर आजच पोरांशेजारी बसा.

जयभीम!