रँप सोपा, ड्रायव्हर अवघड

पुण्या-मुंबईत नव्या लो-फ्लोअर बस आल्या की पेपरात रँपचा फोटो हमखास येतो. मी पडलो इंजिनियर, यंत्राचं कौतुक मलाही आहेच. पण इकडे अमेरिकेत बसने ऑफिसला जाता-येता (हो, इकडेही बसने जाणारे देसी असतात!) माझं मत असं झालंय की रँप हा त्यातला सोपा भाग. खरं काम ड्रायव्हरचं.

स्टॉपवर व्हीलचेअर दिसली की काय होतं बघा. बस फुटपाथला चिकटून उभी राहते, फुस्स आवाज करत पुढून खाली झुकते, रँप उलगडतो. ड्रायव्हर उठून राखीव जागेवरच्यांना सरकायची विनंती करतो. मग खुर्चीला हात लावण्याआधी त्या माणसाला विचारतो, आणि चार पट्टे अडकवतो. पट्टे खुर्चीच्या सांगाड्याला लावायचे, चाकांना नाही. हे नुसतं बघून येत नाही, शिकावंच लागतं. बसही दोन हात लांब थांबली तर रँप फुटपाथऐवजी रस्त्यावर टेकतो आणि चढ एकदम उभा होतो. या सगळ्यात चार मिनिटं जातात. मागून "चला हो" असं मी तरी अजून ऐकलेलं नाही.

हा ड्रायव्हरचा चांगुलपणा म्हणावा तर तसं नाही. १९९० च्या अपंगविषयक कायद्याखालच्या नियमांत चक्क लिहिलंय की या मदतीसाठी सीट सोडावी लागली तर सोडायची. मोठे चौक आणि बदलायचे स्टॉप पुकारायचे, म्हणजे अंध प्रवाशाला कळतं. आणि हे नीट जमेपर्यंत कर्मचाऱ्यांना शिकवायचं, अदबीने वागण्यासकट. हेही फुकट मिळालं नाही बरं का. जुलै १९७८ मध्ये डेन्व्हरच्या भर चौकात १९ अपंग माणसांनी रात्रभर बस अडवून धरल्या होत्या. आजही एखादा ड्रायव्हर न थांबता पुढे जातो, नाही असं नाही. पण मग तक्रार करताना "त्याने उपकार केले नाहीत" असं म्हणावं लागत नाही, "त्याने काम केलं नाही" एवढंच म्हणायचं.

आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४७ मुद्दाम वाचलं. पंचायत सदस्य, पोलीस, न्यायाधीश, वकील, नर्स, अंगणवाडी सेविका, एवढंच काय इंजिनियरसुद्धा, सगळ्यांच्या प्रशिक्षणात हा विषय असावा असं त्यात आहे. बसचा ड्रायव्हर आणि कंडक्टर मात्र नावानिशी नाहीत! ज्यांच्याशी अपंग माणसाची रोज गाठ पडते, तेच नेमके राहिले.

खरं तर आपल्याकडे इकडच्यापेक्षा सोय जास्त. इथला ड्रायव्हर एकटा असतो, तिकीटही तोच बघतो. आपल्या ST मध्ये आणि शहरातल्या बऱ्याच बसमध्ये अजून कंडक्टर आहे. रँप त्याने उघडायचा, पट्टे त्याने लावायचे, स्टॉप तर तो ओरडून सांगतोच. पुढच्या वेळी बसखरेदीचं टेंडर निघेल तेव्हा त्यात प्रशिक्षणाचे दिवस किती लिहिलेत, तेवढं तिथल्या पत्रकारांनी जरा विचारावं. रँपचा फोटो काय, नंतरही काढता येईल.