बॅकलॉग म्हणजे देणं नव्हे

आपल्याकडे 'बॅकलॉग' हा शब्द आधीच बदनाम आहे. इंजिनिअरिंगला असताना बॅकलॉग म्हणजे राहिलेले विषय. पेपरात वाचायचो तो सिंचनाचा बॅकलॉग, म्हणजे अनुशेष. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून तो हिशोब चालू आहे. दोन्हीकडे अर्थ एकच: थकलेलं देणं, जे कधी ना कधी फेडायलाच हवं. सॉफ्टवेअरमध्ये येताना हाच अर्थ आपण बरोबर आणतो आणि तिथेच घोळ होतो, असं माझं मत आहे.

स्क्रममधला प्रॉडक्ट बॅकलॉग म्हणजे प्रॉडक्ट सुधारायला काय लागेल याची क्रमवार यादी. आजच्या समजुतीवर बेतलेली. समजूत बदलली की यादीही बदलायची, त्यातलं काही काढूनही टाकायचं. पण काढून टाकायला आपला हात धजत नाही. जुन्या घरातल्या माळ्यासारखं, 'असू दे, लागेल कधीतरी'!

जरा हिशोब करू. समजा यादीत ६०० आयटम आहेत आणि टीम दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये १० संपवते. म्हणजे वर्षाला २६०. नवीन काहीही आलं नाही तरी तळाच्या आयटमचा नंबर सव्वादोन वर्षांनंतरच लागणार. आणि नवीन तर रोज येतं. मग तो तळाचा आयटम कधीच होणार नाही, हे टीममधल्या सगळ्यांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते फक्त ज्याने मागितलं त्याला.

माझा खरा राग इथे आहे. 'बॅकलॉगमध्ये टाकलंय' हा आपला सभ्य नकार झालाय. लग्नाच्या बोलणीत 'कळवतो' म्हणतात ना, तसलाच. एका कंपनीत पाहिलेलं सांगतो. सपोर्टमधल्या एका बाईंनी तक्रारींची यादी तारखेप्रमाणे गाळून एक्सेलमध्ये उतरवायची सोय मागितली होती. तीन वर्षं ते तिकीट पडून होतं. सोय येणारच आहे या भरवशावर त्या दर महिनाअखेरीस दोन संध्याकाळी उशिरापर्यंत बसून हाताने कॉपी-पेस्ट करायच्या. शेवटी एकदा 'हे होणार नाही' असं स्पष्ट कळल्यावर त्यांनी एका टेस्टरला गाठलं आणि त्याने दुपारभरात स्क्रिप्ट लिहून दिली. त्या एवढंच म्हणाल्या, "नाही म्हणायचं होतं तर तेव्हाच म्हणायचं ना!"

दुसरा रोग म्हणजे 'सगळंच हाय प्रायॉरिटी'. क्लायंटचा कॉल संपेपर्यंत चाळीस आयटम 'पी वन' झालेले असतात. २०११ च्या स्क्रम गाइडमध्ये 'प्रायॉरिटी लावलेला' हा बॅकलॉगबद्दलचा शब्दप्रयोग काढून 'क्रम लावलेला' असा केला गेला. बदल छोटा, पण मला फार आवडतो. दहा गोष्टी 'हाय' असू शकतात, पहिल्या नंबरावर मात्र एकच बसते. भांडण होऊ दे, पण ते यादी लावतानाच होऊ दे, स्प्रिंटच्या शेवटच्या गुरुवारी नको.

मग रिफाइनमेंटमध्ये करायचं काय? सहाशे आयटम वरपासून खालपर्यंत वाचत बसायचं नाही. त्यात अर्धी टीम मोबाइलमध्ये डोकं घालते. पुढच्या दोन-तीन स्प्रिंटपुरतेच आयटम बारीक फोडायचे, त्यांच्या अटी लिहायच्या, अंदाज लावायचे. खालचे ढोबळच राहू द्यायचे, कारण त्यांचे तपशील आज लिहिले तरी सहा महिन्यांत शिळे होतात. आणि सहा महिने ज्याला कुणी हात लावला नाही ते बंद करायचं. मागणाऱ्याला कारणासकट दोन ओळी पाठवायच्या. ही दुसरी पायरी गाळली तर पहिलीला काही अर्थ नाही. सिक्युरिटी आणि कायद्याने बंधनकारक असलेल्या गोष्टींना मात्र हा नियम लावायचा नाही. त्या सहा महिने पडून राहिल्या असतील तर त्या वर घ्यायच्या.

'पण चांगली आयडिया हरवली तर?' हा प्रश्न हमखास येतो. बंद केलेलं तिकीट पुसलं जात नाही, शोधलं की सापडतं. आणि खरोखर गरजेची गोष्ट लोक पुन्हा मागतातच. बेसकॅम्पच्या रायन सिंगर यांनी २०१९ च्या 'शेप अप' या पुस्तकात तर बॅकलॉग ठेवूच नका असं सुचवलंय. इतक्या टोकाला जायची माझी तयारी नाही. सर्व्हिस कंपनीत क्लायंटला यादी दाखवावीच लागते.

पण ती यादी खरी असावी. साठ आयटमची खरी यादी सहाशेच्या खोट्या यादीपेक्षा केव्हाही बरी. सोमवारी ऑफिसात गेलात की तुमच्या बॅकलॉगचं शेवटचं पान उघडून बघा. तिथे ज्यांची नावं दिसतील, त्यातले बरेच जण अजून वाट बघत असतील. त्यांना एकदा काय ते सांगून टाका.