मुलीच्या मामांनी यावे!

लग्नघटिका जवळ आली की गुरुजी हाक देतात, ‘मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे!’ आमच्या कन्येचे लग्न ठरले, तेव्हा या हाकेला ओ द्यायला तिचा मामा मांडवात असेल की नाही, याचीच मला काळजी लागली होती.

माझा थोरला भाऊ बडोद्याला सयाजीगंजात राहतो. गेल्या आषाढात कर्करोगामुळे त्याचे मूत्राशय काढावे लागले आणि पोटावर लघवीची पिशवी आली. शस्त्रक्रिया उत्तम झाली, पण माणूस घरात बसला. रोज पहाटे कमाटीबागेत चार फेऱ्या मारणारा दादा जिना उतरेना. लग्नाचे कळवले, तर फोनवर म्हणाला, ‘‘अगं, चारचौघांत पिशवी गळली तर? आणि शुभकार्यात माझ्यासारख्याने उभे तरी राहावे का?’’

दिवाळीच्या सुट्टीत मी नंदुरबारहून निघाले, सुरतेला गाडी बदलली आणि बडोदे गाठले. दोन दिवस दादा विषय टाळत होता. तिसऱ्या दिवशी वहिनीनेच त्याला समोर बसवले.

वाचकहो, हा प्रकार मलाही तोवर नीट ठाऊक नव्हता. लहान आतड्याचा साधारण १५ सेंटीमीटरचा तुकडा वेगळा करून मूत्रपिंडाकडून येणाऱ्या दोन्ही नळ्या त्याला जोडतात. तुकड्याचे एक तोंड बेंबीच्या उजव्या अंगाला पोटावर काढतात. अमेरिकेतील शल्यविशारद युजीन ब्रिकर यांनी १९५० मध्ये ही पद्धत मांडली, ती आजही चालते. या तोंडाला स्टोमा म्हणतात. ते ओठाच्या आतल्या बाजूसारखे लालसर, ओलसर असते. हात लावला तरी दुखत नाही. मात्र लघवी अडवून धरण्याची सोय तिथे नाही. ती रात्रंदिवस थेंब थेंब येते, म्हणून पिशवी.

दादाच्या दोन चुका होत्या. पहिली, पिशवी भरू नये म्हणून त्याने पाणीच तोडले होते. त्याने लघवी दाट होते, वास वाढतो, जंतुसंसर्गाचे भय वाढते. दुसरी चूक चकतीची. पोटाला चिकटणाऱ्या चकतीला स्टोमाच्या मापाचे भोक कापावे लागते. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत स्टोमा आकसतो, आणि दादा अजून पहिल्याच मापाने कापत होता! मोकळ्या राहिलेल्या कातडीवर लघवी लागून ती सोलवटली होती. त्यावर चकती धरेना, म्हणून गळती. रुग्णालयातील परिचारिकेने नवे माप घेऊन दिले आणि पंधरा दिवसांत कातडी बरी झाली.

आता दर तीन-चार दिवसांनी, सकाळी चहापाण्याआधी, म्हणजे लघवी कमी येत असते तेव्हा, तो चकती बदलतो. पिशवी एक-तृतीयांश भरली की खालची तोटी उघडून रिकामी करतो. रात्री तिला नळीने मोठी पिशवी जोडतो, म्हणजे झोपमोड नाही. लघवीत पांढुरके धागे दिसले की पूर्वी घाबरायचा. आतड्याचा तुकडा आपला चिकट स्राव सोडतच राहतो, हे कळल्यावर घाबरणे गेले. परंतु ताप येऊन कंबर दुखली, लघवी थांबली किंवा स्टोमा काळपट पडला, तर तडक डॉक्टरांकडे जायचे, हे वहिनीने पाठ करून ठेवले आहे.

चिकटणारी पिशवी कशी आली, तेही सांगते. डेन्मार्कमधील परिचारिका एलिसे सोरेन्सन हिच्या बहिणीच्या पोटावर शौचाचा मार्ग काढला होता. गळतीच्या भीतीने ती घराबाहेर पडेना. १९५४ मध्ये एलिसेने तिच्यासाठी ही कल्पना काढली. दादाला हे सांगितले, तेव्हा तो बऱ्याच दिवसांनी हसला.

राहिला शुभकार्याचा प्रश्न. मी आमच्या गुरुजींनाच विचारले. ते म्हणाले, ‘‘ताई, आपण सगळेच ते पोटात घेऊन पूजेला बसतो. यांचे थोडे बाहेर आहे, इतकेच.’’

मग दादाने सराव केला. आधी काळ्या घोड्यापर्यंत, मग कमाटीबाग, मग सुरतेपर्यंत जाऊन येणे. माघात तो आला. खांद्यावरच्या पिशवीत जादा पिशव्या, कापलेल्या चकत्या, मऊ फडकी आणि एक बदली पायजमा. धोतराची गाठ स्टोमावर येणार नाही अशी बांधली. ओझे उचलायची मनाई, तेव्हा भाचीला उचलून आणण्याची हौस राहिली. डाव्या हाताने तिचा हात धरून तो तिला बोहल्यापर्यंत घेऊन आला. पुढे काय झाले ते मला नीट दिसले नाही, डोळे भरले होते.

दादाने तीस वर्षे सिगारेट ओढली. मूत्राशयाच्या कर्करोगाचे तंबाखूचा धूर हे मोठे कारण आहे. न दुखता लघवीतून रक्त गेले, तेव्हा ‘उष्णता असेल’ म्हणून त्याने तीन महिने घालवले. तुम्ही घालवू नका.

आणि कोणाच्या घरी असे आजारपण असेल, तर ते झाकून एकट्याने सोसू नका. मुंबईत १९७५ साली सुरू झालेली ‘ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया’ याच लोकांसाठी आहे. असा पाहुणा तुमच्याकडे उतरणार असेल, तर न्हाणीघराला नीट लागणारी कडी, एक खुंटी आणि झाकणाची कचरापेटी एवढे करा. दादाने आमच्याकडे तेवढेच मागितले होते.